आमच्या डुकरांचा ताप कुठून आला, तेही सांगा: पशुसंवर्धन विभागाला खुलं पत्र

प्रति,
सचिव, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि
आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

डुकरांमध्ये साथ येते, नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल 'पॉझिटिव्ह' येतो. मग बाधित क्षेत्र जाहीर होतं, डुकरं मारून पुरली जातात, चुना टाकला जातो आणि फाइल बंद होते. माझी मागणी त्या बंद होणाऱ्या फाइलीबद्दल आहे. प्रत्येक साथीतल्या निदान एका नमुन्याचा पूर्ण जनुकीय अनुक्रम, म्हणजे विषाणूच्या जनुकांतली सगळी अक्षरं ओळीने, वाचला जावा. तो जिल्हा आणि तारखेसह काही आठवड्यांच्या आत सर्वांना पाहता यावा. आणि त्यातून जे कळेल ते ज्याची डुकरं गेली त्या माणसापर्यंत त्याला समजेल अशा भाषेत पोचवलं जावं.

मी सिंधुदुर्गात पशुवैद्यक म्हणून काम करते. गायी, म्हशी, शेळ्या हे रोजचं काम. पण गोव्याच्या सीमेलगत डुकरं पाळणारी घरंही आहेत. कुणाकडे घरामागे दोन-चार गावठी डुकरं असतात, तर कुणी कर्ज काढून शेड बांधलेली असते आणि त्यात पांढरी यॉर्कशायर असतात. अशाच एका शेडमध्ये काही वर्षांपूर्वी ताप शिरला. डुकरं एकमेकांवर रचल्यासारखी कोपऱ्यात पडून होती, कानांच्या कडा आणि पोटाची कातडी जांभळी पडली होती, मागचे पाय लटपटत होते. नमुने पाठवले. उत्तर आलं क्लासिकल स्वाइन फीवरचं, दोन ओळींत. तोवर निम्म्याहून जास्त कळप गेला होता. त्या तरुणाने मला एकच गोष्ट विचारली: "मॅडम, हा आला कुठून? मी नवी पिल्लं आणली त्यांच्यातून, हॉटेलच्या खरकट्यातून, का त्या व्यापाऱ्याच्या टेम्पोतून?"

प्रश्न रास्त होता. उत्तर कळलं असतं तर पुढच्या वेळी काय बंद करायचं हे त्याला कळलं असतं. ते उत्तर देऊ शकेल असा पुरावा त्या नमुन्यात होता. तो कुणी वाचला नाही, कारण नियमानुसार रोगाचं नाव कळलं की काम पुरं होतं.

पुढे जाण्याआधी तीन नावांचा गोंधळ दूर करते. आपल्याकडे 'स्वाइन' म्हटलं की लोकांना २००९ सालचं पुणं आठवतं आणि डुकराचं मांस खाणाऱ्यावर, डुकरं पाळणाऱ्यावर लोक घसरतात. स्वाइन फ्लू हा इन्फ्लुएन्झा, तो माणसाला होतो. क्लासिकल स्वाइन फीवर आणि आफ्रिकन स्वाइन फीवर हे दोन्ही फक्त डुकरांचे रोग, माणसाला होत नाहीत. या दोघांचं एकमेकांशीही नातं नाही. क्लासिकलचा विषाणू आरएनएचा आहे, त्याच्या जनुकसंचात सुमारे १२ हजार ३०० अक्षरं असतात आणि तो भराभर बदलतो. आफ्रिकनचा विषाणू डीएनएचा आहे, अवाढव्य, सुमारे १ लाख ९० हजार अक्षरांचा, आणि तो सावकाश बदलतो. पहिल्यावर लस आहे. दुसऱ्यावर व्हिएतनामने २०२२ पासून लसी वापरात आणल्या, भारतात अजून अशी मान्यताप्राप्त लस नाही. मात्र गोठ्यात उभं राहून नुसत्या डोळ्यांनी हे दोन ताप वेगळे सांगता येत नाहीत. तसं सांगतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

या न ओळखता येण्याची किंमत आपण आसाममध्ये मोजली. २०२०च्या जानेवारीपासून अरुणाचल आणि आसामच्या ब्रह्मपुत्राकाठच्या गावांत डुकरं मरत होती. सुरुवातीला संशय नेहमीच्या क्लासिकल तापाचाच होता. हा आफ्रिकन स्वाइन फीवर आहे, देशात पहिल्यांदाच आलेला, हे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने नक्की केलं आणि ते लोकांना कळलं मेच्या सुरुवातीला. तेव्हा आसाम सरकारने सांगितलेला आकडा होता ३०६ गावांत २,५०० हून अधिक मृत डुकरं. लॉकडाउनचा काळ होता, माणसांचेच नमुने तपासायला हात पुरत नव्हते, हे मी विसरत नाही. भोपाळच्या शास्त्रज्ञांनी त्या दिवसांत जे केलं त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण देशातली जवळपास निम्मी डुकरं ईशान्येत आहेत. तिथे डुक्कर म्हणजे मुलाची फी, लग्नाचं जेवण आणि आजारपणातली पुंजी. तिथल्या बाईला मे महिन्यात रोगाचं नाव कळलं. तो तिच्या गावात कोणत्या वाटेने शिरला, हे तिला कुणी सांगितलं?

जनुकवाचनाने अशी वाट खरोखर सापडते का, असं आपण विचाराल. याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

४ फेब्रुवारी १९९७. नेदरलँड्सच्या दक्षिणेला फेनहोर्स्ट नावाच्या गावी क्लासिकल स्वाइन फीवर सापडला. डुकरांची दाटी असलेला जगातल्या मोजक्या भागांपैकी तो एक. नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की विषाणू देशात येऊन तोवर पाच ते सात आठवडे होऊन गेले होते आणि तो ३९ च्या आसपास कळपांत पोचलेला होता. पुढच्या वर्षभरात ४२९ कळप बाधित ठरले आणि सुमारे १ कोटी १० लाख डुकरं नष्ट करावी लागली. त्यातली बहुसंख्य आजारी नव्हती. वाहतूक बंद झाल्यामुळे पिल्लं शेडमध्ये मावेनाशी झाली, विकता येईनात, म्हणून ती मारली गेली.

हा विषाणू आला कुठून? शेजारच्या जर्मनीत त्या काळात या रोगाचे एकाहून अधिक गट फिरत होते. काही रानडुकरांमधून येत होते, काही पाळीव डुकरांत होते. नेदरलँड्समधल्या विषाणूची अक्षरं लावून पाहिली तेव्हा तो रानडुकरांतल्या गटाचा निघाला नाही. तो पाडरबोर्न भागात पाळीव डुकरांत आलेल्या साथीच्या विषाणूशी जुळला. मग शोध वाहतुकीकडे वळला आणि नीट न धुतलेल्या एका मालट्रकपाशी येऊन थांबला. इटली, स्पेन, बेल्जियम इथल्या त्या काळातल्या साथीही याच धाग्यात ओवल्या गेल्या. शिवाय दोन कृत्रिम रेतन केंद्रांतल्या वराहांना लागण झाली होती, त्यामुळे वीर्याच्या मात्रांमधूनही रोग गेल्याचा संशय अनेक कळपांवर घ्यावा लागला. कोणत्या वाटेवर पहारा ठेवायचा हे त्यातून ठरलं: ट्रक धुण्याची सोय, चालकाची नोंदवही, रेतन केंद्रांची तपासणी. संशय रानडुकरांवरच ठेवून सगळे जंगलात बंदुका घेऊन गेले असते, तर ट्रक तसेच धावत राहिले असते.

त्या वेळी शास्त्रज्ञांनी जनुकसंचाचे लहानसे तुकडे वाचले होते, यंत्रं जुनी होती. आज पूर्ण जनुकसंच वाचणं पुण्यातल्या कितीतरी प्रयोगशाळांना जमतं.

आफ्रिकन स्वाइन फीवरची गोष्ट याहून अवघड आहे. त्याचे २० हून अधिक जनुकीय गट ओळखले गेले आहेत, बहुतेक सगळे आफ्रिकेतले. २००७ साली काळ्या समुद्रावरच्या जॉर्जियात तो उतरला. पोती बंदरात आलेल्या जहाजांवरच्या खरकट्यातून तो आला असावा असं मानलं जातं. अनुक्रम लावून पाहिल्यावर तो मोझांबिक, मादागास्कर, झांबिया या पट्ट्यातल्या 'गट दोन'शी जुळला. तिथून रशिया, २०१४ मध्ये पोलंड आणि बाल्टिक देश, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनचं शेनयांग, एप्रिल २०१९ मध्ये तिबेटचा न्यिंगची भाग, त्याच वर्षी म्यानमार, आणि मग आपण. सगळीकडे गट दोन.

अडचण इथेच आहे. आपल्याकडच्या साथीचा अहवाल 'गट दोन' म्हणून थांबतो, तेव्हा त्यातून जवळपास काहीच कळत नाही. जॉर्जियापासून मिझोरामपर्यंत सगळा गट दोनच असेल, तर गट सांगणं म्हणजे कोकणात कुणी विचारावं 'तुम्ही कुठले?' आणि आपण 'भारतातले' म्हणावं, तसं होतं. गट ठरवण्यासाठी सहसा एकाच जनुकाचा एक तुकडा वाचला जातो. त्या तुकड्यात वर्षानुवर्षं एक अक्षरही बदलत नाही. फरक सापडतात ते उरलेल्या लाखाहून अधिक अक्षरांत, आणि तेही मोजकेच. म्हणून पूर्ण वाचन हवं, आणि नमुने भरपूर हवेत.

जर्मनीने हे करून दाखवलं. २०२० मध्ये पोलंडच्या सीमेवर ओडर-नाइसे नद्यांच्या काठाने त्यांच्याकडे हा रोग रानडुकरांत शिरला. तिथल्या फ्रीडरिश-लोफ्लर या पशुरोग संशोधन संस्थेने नमुन्यामागून नमुना पूर्ण वाचला. तिथल्या विषाणूत डीएनए दुरुस्त करणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक बिघडलेलं निघालं. त्यामुळे हा एरवी सावकाश बदलणारा विषाणू नेहमीपेक्षा लवकर बदलत असावा आणि त्याचे ओळखता येण्यासारखे प्रकार पडले. नकाशावर ते प्रकार वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतात. नव्या ठिकाणी डुक्कर मेलं, तर रोग शेजारच्या पट्ट्यातून आला की दुरून कुणी आणला, याचा अंदाज बांधता येतो.

आता आपल्याकडे पाहा. मार्च २०२१ मध्ये मिझोरामच्या लुंगलेई जिल्ह्यात, बांगलादेश सीमेजवळ, डुकरं मरू लागली. त्या एका वर्षात त्या छोट्या राज्यात ३३ हजारांहून जास्त डुकरं गेली. जुलै २०२२ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये मानंतवाडी परिसरात दोन शेतांवर रोग आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशात रीव्याला, पंजाबात पटियाळ्याला. २०२३च्या सुरुवातीला निलगिरीत मुदुमलाईच्या जंगलात रानडुकरं मेली. वायनाड आणि आसाम यांच्यात रस्त्याने ३ हजारांवर किलोमीटर आहेत. डुक्कर तेवढं चालत नाही. मांस जातं, पिल्लं ट्रकने जातात, कामगारांच्या डब्यातून वाळवलेलं मांस जातं, खरकटं जातं. खारवलेल्या, वाळवलेल्या मांसात हा विषाणू महिनोन्महिने तग धरतो. वायनाडचा विषाणू देशातल्या कोणत्या जिल्ह्याच्या विषाणूला सर्वांत जवळचा होता? रीव्याचा आणि पटियाळ्याचा एकाच धाग्यातला होता, की दोन वेगळ्या वाटांनी आलेले? मिझोराममध्ये तो आसामातून उतरला, की सीमेपलीकडून नव्याने आला? या प्रश्नांची उत्तरं आपल्या खात्याने शोधनिबंधाची वाट न पाहता, साथ चालू असताना, गावोगावच्या वराहपालकांसमोर ठेवायला हवी होती. भारतातल्या पहिल्या साथीचं सविस्तर शास्त्रीय वर्णन नियतकालिकात आलं ते २०२१ मध्ये. शास्त्राच्या हिशेबात तो उशीर नाही. डुकरांच्या हिशेबात एवढ्या काळात एका डुकरिणीची दोन वेतं होऊन जातात.

आणि आता एक नवी चिंता आहे. चीनमध्ये गट एक आणि गट दोन यांची सरमिसळ झालेला, घातक विषाणू सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. नंतर तसाच व्हिएतनाममध्येही आढळला. गट दोनवरून तयार केलेल्या चिनी लसीने प्रयोगात या मिश्र विषाणूपासून संरक्षण दिलं नाही. एकाच जनुकाचा तुकडा वाचला, तर असा मिश्र विषाणू त्याच्या दोन पालकांपैकी एकासारखा दिसतो आणि आपण त्याला जुनाच समजून पुढे जातो. उद्या आपल्याकडे लस आणायची चर्चा सुरू होईल, व्हायलाच हवी. त्या दिवशी 'आपल्या देशात नेमका कोणता विषाणू फिरतोय?' या प्रश्नाला उत्तर नसेल, तर लस निवडणार कशाच्या आधारावर? क्लासिकल तापाबाबतही हेच आहे. आपल्याकडे पूर्वी त्याचा १.१ हा उपगट सर्रास सापडे, पुढे २.१ आणि २.२ वाढले. लस टोचूनही कळपात ताप आला, तर लस बर्फातून बाहेर राहिली म्हणून आला की आणखी कशामुळे, हे मला गोठ्यात उभं राहून कळत नाही. जनुकवाचन झालं तर निदान एक शंका मिटते.

'आमच्याकडे साधनं नाहीत' हे उत्तर मला कृपया देऊ नका. कोविडच्या काळात या देशाने जनुकवाचनाचं जाळं उभं केलं. डिसेंबर २०२० मध्ये 'इन्साकॉग' सुरू झालं, पहिल्या दहा प्रयोगशाळांत पुण्याच्या दोन होत्या: राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र. २०२१च्या सुरुवातीला विदर्भातल्या नमुन्यांत वेगळेपणा दिसला, आणि कोविडच्या ज्या प्रकाराला नंतर जगाने डेल्टा म्हटलं त्याचं घराणं लोकांना कळू लागलं. गावातल्या माणसालाही 'व्हेरियंट' समजला. ती यंत्रं अजून आहेत, ती चालवायला शिकलेली मुलंमुली आहेत, त्यातली कितीतरी कंत्राट संपून घरी बसली आहेत. आफ्रिकन स्वाइन फीवरचा जिवंत विषाणू हाताळायला भोपाळसारखी उच्च सुरक्षेची जागा लागते, हे मान्य. पण निष्क्रिय केलेल्या नमुन्यातून काढलेलं डीएनए वाचायला तशी जागा लागत नाही. पुण्यात औंधची पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा, नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, गुवाहाटीजवळ राणी इथलं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र, बंगळुरूची पशुरोग साथशास्त्राची संस्था: यांच्यात काम वाटून देता येईल. भोपाळने निदान नक्की करावं, वाचन विभागून व्हावं, निकाल एका ठिकाणी यावा.

एक गोष्ट मात्र मला तितक्याच ठामपणे सांगायची आहे. नुसतं जनुकवाचन पुरणार नाही. हा विषाणू सावकाश बदलतो. त्यामुळे दोन जिल्ह्यांतले विषाणू अक्षरन् अक्षर सारखे निघाले, तर कुणाकडून कुणाकडे गेला हे केवळ अक्षरांवरून ठरत नाही. त्याच्या जोडीला पिल्लं कुठून आणली, कोणत्या बाजारात विकली, गाडी कुणाची, चारा आणि खरकटं कुठलं याच्या नोंदी लागतात. गायीम्हशींच्या कानात आता बारा आकडी बिल्ला दिसतो. डुकराच्या कानात तो क्वचित दिसतो. डुकरांच्या वाहतुकीची नोंद ठेवायची तर आधी डुकरांचा व्यापार उघडपणे होऊ द्यायला हवा. आज पुष्कळ ठिकाणी तो रात्री, बिनकागदी होतो. डुक्कर पाळणाऱ्याला कर्ज आणि विमा मिळवतानाही चार पायऱ्या जास्त चढाव्या लागतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

आणि सगळ्यात आधी, नमुना मिळाला पाहिजे. तो वराहपालकाच्या हातात असतो. सध्याच्या व्यवस्थेत सरकारने मारलेल्या डुकराची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्याची नाही. मग माणूस काय करतो? आजारी दिसलेलं डुक्कर रातोरात स्वस्तात विकतो, किंवा कापतो, किंवा ओढ्यात सोडून देतो. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारली जातात, म्हणजे शेजाऱ्याचीही. त्यामुळे पहिली तक्रार करणारा गावाच्या नजरेत गुन्हेगार ठरतो. अशा गावातून मला नमुना मिळत नाही. मिळाला तर उशिरा, कुजलेला. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९च्या कायद्याने रोग कळवणं मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. ते बरोबरच आहे. पण पहिल्या दिवशी कळवणाऱ्याला मेलेल्या डुकरांचीही भरपाई मिळेल, असा नियम आपण केलात तर कायद्याची कलमं वाचून दाखवायची वेळच येणार नाही. पैसेही वेळेवर यावेत. दुसऱ्या वर्षी आलेल्या चेकने त्या शेडमध्ये पिल्लं येत नाहीत.

याच्याशीच जोडलेली माझी एक भीती आहे. जनुकवाचनाचा उपयोग दोषी शोधायला होऊ नये. 'विषाणू अमुक शेडमधून आला' हे वाक्य एकदा वर्तमानपत्रात आलं की त्या माणसाचं गावात राहणं कठीण होतं. महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या डुकरं पाळत आलेले वडार, कैकाडी अशा समाजांतले लोक आहेत. त्यांच्या वस्तीवर रोगाचं खापर फोडायला गावं टपलेलीच असतात, २००९च्या स्वाइन फ्लूतही हे पाहिलं आहे. ईशान्येच्या राज्यांचंही तसंच. 'तिकडून आला' म्हणणं फार सोपं असतं. म्हणून अनुक्रम खुला करा, पण जिल्ह्यापर्यंतच. शेडचं, मालकाचं नाव त्यात नको. त्या मालकाला मात्र खासगीत पूर्ण सांगा: तुझ्याकडचा विषाणू कुणाशी जुळतो, कोणती वाट संशयास्पद वाटते, पुढे काय बदल.

२००९चा उल्लेख झालाच आहे, तर आणखी एक. त्या वर्षी ज्या एच१एन१ विषाणूने जग हलवलं, त्याचे जनुकतुकडे उत्तर अमेरिकेतल्या आणि युरोप-आशियातल्या डुकरांच्या इन्फ्लुएन्झा घराण्यांतून आले होते. शास्त्रज्ञांनी वंशवृक्ष मांडला तेव्हा दिसलं की त्याचे पूर्वज डुकरांमध्ये कित्येक वर्षं फिरत होते आणि त्या वर्षांत त्यांचा एकही नमुना कुणी वाचलेला नव्हता. भारतातला त्या साथीचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. दहा वर्षं आधी, १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरांतून माणसांत आलेल्या आजाराला सुरुवातीला जपानी मेंदूज्वर समजलं गेलं, डासांविरुद्ध मोहिमा निघाल्या, आणि डुकरांचे ट्रक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात राहिले. विषाणू वेगळा काढून त्याची ओळख पटली, तेव्हा तो निपाह निघाला. १०५ माणसं गेली. स्वाइन फीवर माणसाला होत नाही हे खरं, पण डुकरांत काय चाललंय हे वाचायची सवय असलेली यंत्रणा दोन्ही कामांना उपयोगी पडते. मिझोराममध्ये २०१३ मध्ये डुकरांचा पीआरआरएस हा गर्भपात आणि श्वसनाचा रोग देशात पहिल्यांदा सापडला, तो विषाणूही चीनमधल्या घातक प्रकाराशी जुळणारा निघाला. ईशान्येची सीमा आपल्याला वारंवार तीच गोष्ट सांगते आहे.

माझ्या घरापासून थोड्या अंतरावर गोवा आहे. तिथे काणकोणच्या बाजूला आगोंद गोवन नावाचं गावठी डुक्कर आहे. देशातल्या मोजक्या नोंदणीकृत देशी वराह जातींपैकी ती एक. काळं, आटोपशीर, घराच्या परसात वाढणारं. नाताळच्या सोरपोतेलसाठी (डुकराच्या मांसाचा मसालेदार रस्सा) आणि चोरिसांसाठी (डुकराच्या मांसाची सॉसेज) गोव्यातली घरं अशा डुकरांना विसरलेली नाहीत. आफ्रिकन स्वाइन फीवर शिरला तर बहुतेक डुकरं मरतात, एक किलोमीटरच्या वर्तुळात उरलेलीही मारली जातात. संख्येने थोडी असलेली जात अशा दोन-तीन वर्तुळांत संपू शकते. आसामात मानसच्या गवताळ रानात पिग्मी हॉग आहे, जगातलं सर्वांत लहान रानडुक्कर. त्याचा जीव याच धोक्यात आहे. कुठे विषाणू आहे, कोणत्या बाजूने सरकतो आहे, हे आधी कळलं तरच अशा जातींसाठी राखीव कळप वेगळा ठेवता येतो, वीर्य गोठवून ठेवता येतं. नंतर कळून उपयोग नाही.

म्हणून महोदय, माझं मागणं स्पष्ट शब्दांत लिहिते. २०२० च्या आफ्रिकन स्वाइन फीवर कृती आराखड्यात जनुकवाचनाचं कलम घाला: निदान नक्की झाल्यापासून ठरावीक दिवसांत पूर्ण अनुक्रम, जिल्हा आणि तारखेसह, सार्वजनिक संग्रहात. राज्याराज्यांत साठवून ठेवलेले २०२० पासूनचे जुने नमुने असतील, तर ते पहिल्यांदा वाचून घ्या. नव्या विषाणूची तुलना करायला जुना धागा हातात हवा. त्यासाठी वेगळी तरतूद करा, संशोधन प्रकल्पाच्या मंजुरीवर हे काम टांगून ठेवू नका. आयुक्त महोदय, महाराष्ट्रात आफ्रिकन ताप पसरण्याची वाट पाहू नका. राज्यात सापडणाऱ्या क्लासिकल तापाच्या नमुन्यांपासूनच सुरुवात करता येईल. त्यासाठी भोपाळची परवानगीही लागणार नाही, आणि औंधच्या लोकांचा हात बसेल. तालुक्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याला नमुना कसा घ्यायचा, कशात ठेवायचा, किती वेळात पोचवायचा याचं प्रशिक्षण आणि शीतपेटी द्या. आज आमच्यातले पुष्कळजण थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून एसटीने नमुने पाठवतात. आणि भरपाईचा नियम बदला. तो न बदलता बाकी सगळं केलंत, तरी नमुने येणार नाहीत.

सिंधुदुर्गातल्या त्या तरुणाने पुन्हा पिल्लं आणली आहेत. या वेळी त्याने हॉटेलचं खरकटं बंद केलं, व्यापाऱ्याचा टेम्पो फाटकाबाहेर थांबवतो, नव्या पिल्लांना महिनाभर वेगळं ठेवतो. तिन्ही वाटा त्याने बंद केल्या, कारण नेमकी कोणती हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्यात त्याचा चाऱ्याचा खर्च खूप वाढला आहे. त्याच्या जिल्ह्यात पुढचा नमुना निघेल तेव्हा त्याचा अनुक्रम वाचला जाईल का, याचं लेखी उत्तर मला आपल्या कार्यालयाकडून हवं आहे. हे पत्र मी दोन्ही कार्यालयांना टपालानेही पाठवते आहे.

आपली,
सिंधुदुर्गातली एक पशुवैद्यक